थोरल्या विहिरीतले बुडबुडे

सहादेव खडीच्या कामावर आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी हातोडी खाली ठेवून बोटाला चिंधी बांधत होतो. सहादेव आमच्या भोईवस्तीतला, माझा चुलतभाऊ. तो आधी माझ्याकडे आला नाही, मुकादमाकडे गेला. मला वाटलं, काम मागायला आला असेल. त्या उन्हाळ्यात कोण काम मागत नव्हतं.

मग मुकादमच माझ्यापाशी आला. म्हणाला, "गोरक्ष, घरी जा. आजची हजेरी लावतो मी तुझी."

पाणी प्यायला जरा वेळ लागला तरी अर्धी हजेरी कापणारा हा माणूस. तो न मागता हजेरी लावतो म्हणाला, तेव्हाच मी चिंधी तशीच सोडून उभा राहिलो.

"काय झालंय?" मी सहादेवला विचारलं.

"मालनवहिनीला जरा बरं न्हाई." मालन म्हणजे माझी बायको.

"बरं न्हाई म्हंजी?"

"चक्कर आली. चल की आता."

चालायला लागलो. सहादेव पुढे, मी मागे. तो तसा बोलका माणूस. वाटेत कोणी भेटलं की थांबून त्याची टिंगल केल्याशिवाय पुढे जायचा नाही. त्या दिवशी मागे वळूनसुद्धा बघेना. एकदाच म्हणाला, "चपला घाल की पायात." तेव्हा मला कळलं की मी अनवाणी चालतोय आणि चपला हातात आहेत.

सावरदऱ्याचा तलाव जिथून पहिल्यांदा दिसतो त्या खिंडीत तो थांबला. तलाव म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मधोमध एक डबकं, बाकी सगळा भेगाळलेला गाळ. त्या गाळात, बुडालेल्या जुन्या गावातल्या थोरल्या विहिरीभोवती, माणसं उभी दिसत होती.

सहादेव म्हणाला, "तितं गेल्यावर तुला एकदम दिसंल, म्हनून सांगतो. वहिनी गेली."

मी विचारलं, "कुठं?"

तो रडायला लागला. मग मला समजलं.

मालन विहिरीच्या काठावर घोंगडीवर निजवलेली होती. पोलीस पाटलाने कोणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे तिचं तोंडही कोणी पुसलं नव्हतं. केसांत गाळ, कानात गाळ, हात कोपरापर्यंत काळे. लुगडं एका बाजूने टरकलेलं होतं. तिथे गळ अडकला होता. विहिरीत बादली पडली की काढायला जो लोखंडी गळ टाकतात, तो टाकून तिला वर ओढली होती. खाली उतरायला कोणी तयार नव्हतं, आणि जो तयार होता त्याला चौघांनी धरून ठेवलं होतं. तो तिचा भाऊ पुंजाराम.

तिची ओटी बांधलेली होती आणि ओटीत काहीतरी हललं. मी सोडून बघितलं तर मरळ होती, हातभर लांब. तिचे कल्ले अजून हलत होते. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जगते, अंगाभोवती ओलं फडकं असलं तर जास्तच. मी ती हातात धरून बसून राहिलो. कोणीतरी ती माझ्या हातातून घेतली. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

* * *

आमची वस्ती तलावाच्या काठाला आहे. आम्ही भोई, मासेमारी हाच आमचा धंदा. आधी आम्ही खाली नदीकाठी होतो. नदीवर बांध घालून तलाव केला तेव्हा जुनं सावरदरा गाव पाण्यात गेलं, शेतकरी मंडळी वर माळावर नवं गाव करून राहिली आणि आम्ही तलावाला आलो. त्यांचं गाव बुडालं, आमचं पोट भरलं. हे ते लोक अधूनमधून बोलून दाखवायचे. आम्ही ऐकून घ्यायचो.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. दोन वर्षं पावसाने हुलकावणी दिली आणि बहात्तर साली तोंडच दाखवलं नाही. तलाव आटत गेला. आधी बाभळीची खुंटं वर आली, मग जुन्या घरांची जोती, मग विहिरी. शेतकरी जामखेडपर्यंत टँकरच्या मागे फिरत होते, पण तलावाचा ओला गाळ उघडा पडला तसे काही जण परत आपापल्या जुन्या जमिनीत उतरले आणि काकडी, टरबूज लावून डेऱ्याने पाणी घालू लागले. गाळपेर म्हणतात त्याला. आमच्यासाठी डबक्यात बोटभर मासे उरले होते. जाळं टाकलं की जाळ्यात चिखलच जास्त यायचा. म्हणून मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलो. बाजाराच्या दिवसाला घरी यायचो.

भोयाचं पोर चालायला लागलं की त्याला बुडबुडे ओळखायला शिकवतात. मरळ हवा घ्यायला वर येते, एक मोठा बुडबुडा सोडते आणि जागा बदलते. वांब सापासारखी लांब, ती चिखलात राहते, तिचे बारीक बारीक, एकामागे एक येतात. शिंगाडा मासा तळ उकरतो, त्याच्या बुडबुड्याबरोबर पाणी गढूळ होतं. हे सगळ्यांना येतं, पण मालनइतकं कोणाला येत नव्हतं. पुरुष खांद्यावर जाळी घेऊन उभे राहायचे आणि ती कपाळाला हात लावून पाण्याकडे बघायची.

"तितं नगं. कासव हाय, जाळं फाडंल. हिकडं, दगडाच्या अंगाला."

ती म्हणेल तिथे जाळं पडायचं. लोक मला म्हणायचे, "गोरक्षा, तुझं जाळं नुसतं हमाल हाय, धंदा बायकू करती." मी पण हसायचो. खरंच होतं ते.

विहिरीत मात्र आम्ही कोणीच कधी मासे धरले नव्हते. विहीर शेतकऱ्याची असते. भोयाला तिथे कोण उतरू देणार? आमचं सगळं शिकणं वाहत्या नाहीतर उघड्या पाण्यातलं.

मी शेवटचा घरी गेलो तेव्हा मालन खुशीत होती. दुष्काळात कोणी खुशीत दिसलं की चमत्कारिक वाटायचं. मी सुकडीची पिशवी खाली ठेवली. कामावर सरकारकडून ती गोड भुकटी खायला मिळायची, मी उरवून आणायचो.

ती म्हणाली, "ती पिशवी ठिवा तिकडं कोपऱ्यात. अवं, थोरली हीर उघडी पडली, बघितली का?"

"येताना दिसली."

"आतमधी डोकावला का? नुसती उकळी फुटलीय. सकाळी बघा, दुपारी बघा, बुडबुडं थांबत न्हाईत. तळं आटलं तसं समदी मरळ तितं जाऊन बसलीय."

"एवढी?"

"मी खोटं सांगते व्हय? मोठं मोठं येत्यात, आन् एका जागंला न्हाई, समद्या हिरीत. वांब बी असंल खाली."

"कारभारी अण्णाची हीर हाय ती. त्यो उतरू दील का?"

"त्यो काकड्या राखत बसलाय. पुंजानं इचारलं त्याला. म्हनला, जा, मासं मला काय करायचं. पुढच्या बाजारी याल तवा मरळ खाऊ घालते. खडी फोडून फोडून चव गेली असंल तोंडाची."

हे आमचं शेवटचं बोलणं. सकाळी मी अंधार असताना निघालो तेव्हा ती झोपली होती, मी उठवलं नाही.

* * *

काय झालं ते मला बनुबाईने सांगितलं. बनुबाई म्हणजे पुंजारामची बायको, मालनची भावजय. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा ती बाजूला पडून ओकत होती. बोलायला लागली ती दोन दिवसांनी.

विहिरीत जाळं फेकून उघडता येत नाही. चिखलात हाताने चाचपून मासा धरायचा असतो आणि ते काम आमच्यात बायकांचं. म्हणून मालन खाली उतरली. बनुबाई टोपली घेऊन पायऱ्यांवर थांबली. दोघींच्या कमरेला दोर होता आणि पुंजाराम आणि दोघे-तिघे वर होते.

"वास येत हुता," बनुबाई म्हणाली, "नासक्या अंड्यावानी. मी म्हनलं, वन्सं, लई घान हाय. त्या म्हनल्या, गाळ हाय, अत्तर कुठनं येनार. दोर पायात येतोय म्हनून त्यांनी सोडला. वाकून चाचपत हुत्या. एक मरळ घावली ती ओटीत टाकली आन् मला म्हनल्या, बने, टोपली पुरंल का गं? मग त्यांनी पाय उचलला तसा खालनं ह्यो मोठा बुडबुडा आला. भात रटरटतो ना, तसा. आन् त्या खाली बसल्या. मला वाटलं, दमल्या. मी म्हनलं, वन्सं, उठा. त्यांनी पान्यात मान टेकवली, उशीवर टेकवावी तशी."

बनुबाई दोन पायऱ्या खाली गेली आणि तिचेही गुडघे गेले. तिचा दोर कमरेला होता, म्हणून ती वर आली.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. "तिला काही आजार नव्हता. जुन्या विहिरीत गाळ कुजतो, त्यातून विषारी वायू निघतो. गाळ ढवळला की जास्त सुटतो. त्याला दिसायला रंग नसतो. परत कोणाला उतरू देऊ नका." चांगला माणूस होता. मी विचारलं, "बुडबुडे त्याचेच का?" तो म्हणाला, "त्याचेच."

मी ते वस्तीत सांगितलं. कोणाला पटलं नाही. वस्तीचं म्हणणं असं की विहिरीत आसरा आहेत. पाण्यात राहणाऱ्या त्या देवता, त्यांची आम्हा सगळ्यांनाच भीती. इतकी वर्षं त्या तळ्याखाली निवांत होत्या, विहीर उघडी पडली आणि न विचारता पहिली बाई उतरली, तिला त्यांनी ठेवून घेतली. तेराव्यानंतर पुंजारामने विहिरीच्या काठावर सात खडे मांडले, शेंदूर लावला, हिरवं पातळ, बांगड्या आणि दहीभाताचा नैवेद्य ठेवला. दही कुठून आणलं असेल कोण जाणे. मीही हात जोडले. माझा आसरांवर राग नव्हता.

पण नैवेद्य झाल्यावर पुंजाराम म्हणाला, "आता हीर मोकळी झाली. येत्या सोमवारी उतरू."

मी म्हणालो, "पुंजा, कोन उतरनार?"

"बनी उतरंल."

सगळी वस्ती तिथे बसली होती. आठवड्यात कोणाच्या घरात मासा शिजला नव्हता. बनुबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"डॉक्टरनं सांगितलंय, हवा वाईट हाय," मी म्हणालो.

"दाजी, हवेनं मानूस मरतंय व्हय? हवा तर आपन रोज खातोय. दुसरं हाय काय खायला?"

दोघं-तिघं हसले.

"डॉक्टर म्हनला, बुडबुडं वायूचं हायत."

"डॉक्टर उतरला हुता का हिरीत? त्यानं जल्मात मरळ धरलीय का? आक्कानं बघितलं ते खोटं आन् त्यानं न बघता सांगितलं ते खरं?" मग त्याचा आवाज बदलला. "आक्का ज्याच्यापायी गेली ते तसंच सोडायचं व्हय, दाजी? ती म्हनली मासं हायत, तर हायत. तिची ओटी मोकळी नव्हती."

मालनचे बुडबुडे कधी चुकले नव्हते हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर बनुबाई वाटीवाटीने पाणी भरत होती. मी तिच्या मागे रांगेत होतो. ती खाली बघूनच म्हणाली, "दाजी, मला उतरायचं न्हाई. पन मी न्हाई म्हनले तर लोक म्हनतील, नणंदंनं मासळीपायी जीव दिला आन् ही भ्याली. तुमी कायतरी करा."

* * *

मी कारभारी अण्णाकडे गेलो. थोरली विहीर त्याची, म्हणजे तलाव व्हायच्या आधी त्याची. वयाने म्हातारा, नव्या गावात मानाचा माणूस. तो काकडीच्या वेलांना डेऱ्यातून पाणी घालत होता, एकेका आळ्यात तांब्या तांब्या.

मी म्हणालो, "अण्णा, तुमची हीर बुजवू द्या."

त्याने तांब्या खाली ठेवला. "दुष्काळात हीर बुजवायची म्हनतोस? लोक हिरी खांदायला लागल्यात गोरक्षा."

"तिच्यात परत बाई उतरनार हाय."

"परत? आरं, वेडं झालात का? एवढं झाल्यावर?" तो बांधावर बसला. "माझ्या बानं खांदली ती. बंद हिरीत कधी उतरायचं झालं तर आमी आधी कंदील सोडायचो. इझला तर उतरायचं न्हाई. शेंबडं पोर बी सांगंल तुला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग त्या दिशी तुमी हितंच हुता ना?"

तो आळ्यातली माती बोटाने सारायला लागला. म्हणाला, "हुतो. दोर, टोपली घेऊन चालल्या तवा बघितलं बी. मला वाटलं, तुमी पान्यातली मानसं. तुमाला म्हाईत असंल."

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याला पाण्यातलं माहीत नव्हतं, आम्हाला विहिरीतलं. तलाव झाल्यापासून दोघं एकाच पाण्याच्या काठावर राहत होतो आणि एकमेकांना कधी काही विचारलं नव्हतं.

"बुजवायचं माझ्यानं व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "पन सोमवारी कंदील घेऊन येतो. डोळ्यांनी बघतील."

सोमवारी सकाळी सगळी वस्ती विहिरीवर होती. बनुबाईच्या कमरेला दोर बांधून झाला होता. अण्णाने कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि हळूहळू खाली सोडला. वरच्या पायऱ्यांपर्यंत ज्योत नीट होती. मग बारीक झाली, आणि मध्यावर गेली तशी विझली. वारा नव्हता. त्याने कंदील वर घेऊन पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. तिथेच विझला.

"बघितलं का?" अण्णा म्हणाला. "दिव्याला जगता येत न्हाई तितं मानूस काय जगनार?"

पुंजारामचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "आसरांनी इझवला. त्यांचं समाधान झालं न्हाई. आज आनखी एक नैवेद्य ठिवू, उद्या उतरू."

बायकांमध्ये कुजबुज झाली. कोणी म्हणालं, नकोच. कोणी म्हणालं, कोंबडं कापा. अण्णा चिडून म्हणाला, "आरं, तुझी भन गेली ना रं?" त्यावर पुंजाराम अंगावर धावला. "माझी भन गेली, तुझं काय गेलं? तू काकड्या राख!"

मी दोघांच्या मध्ये गेलो. मला त्या वेळेला सुचलं. आधी का सुचलं नाही कोण जाणे.

"पुंजा," मी म्हणालो, "मासं हायत का न्हाई?"

"हायत."

"मग उतरायचं कशाला? वरनं वढू. दोन जाळी जोडू, खाली दगडं बांधू, चारी बाजूनी दोर धरू. तळ खरवडून काढू. मासं असलं तर येतील. मालनचं खरं व्हईल आन् बनुबाईला बी उतरायला नगं."

पुंजारामने सहादेवला जाळी आणायला पाठवलं. मासा धरायची गोष्ट होती ती, आणि तो भोई होता.

जाळी जोडायला दुपार झाली. दगडांचं वजन लावलं, विहिरीच्या चारी अंगांना माणसं उभी केली आणि जाळं सोडलं. ते तळाला टेकलं तशी खालून उकळी आली. अशी उकळी मी कुठल्याच पाण्यात बघितली नव्हती. काठावरची माणसं ओरडली, "लई हायत! वढा! वढा!" पुंजारामच्या तोंडावर हसू आलं. माझ्या मनातही आलं की असू देत मासे. भरपूर असू देत. ती चुकली नाही असं होऊ दे.

जाळं वर आलं. काळा गाळ, कुजलेली पानं, मोटेचं गंजलेलं कडं, आणि बनुबाईच्या हातून पडलेली टोपली. बोटाएवढ्या दोन वांबी वळवळत होत्या. बाकी काही नाही.

"सुटलं असंल. परत टाका," पुंजाराम म्हणाला.

परत टाकलं. परत उकळी, परत गाळ. वास इतका सुटला की बायका पोरांना घेऊन मागे सरकल्या. माझं डोकं ठणकत होतं. तिसऱ्या वेळेला दोर धरायला माणसं कमी झाली. त्यानंतर पुंजाराम, मी आणि सहादेव एवढेच उरलो, मग चौथ्या बाजूला अण्णाने दोर धरला. जाळ्यात गाळसुद्धा कमी येऊ लागला. बुडबुडे मात्र तसेच येत होते, मोठे मोठे, सगळ्या विहिरीत.

पुंजारामने दोर सोडला आणि काठावर बसला.

"एकच हुती," तो म्हणाला. "आक्काला घावली ती."

"व्हय."

"दाजी, तिनं चुकीचं बघितलं न्हाई. मी आत्ता बी बघतोय. म्हाईत नसंल तर मी बी म्हननार, हीर मासळीनं भरलीय. तुमी बी म्हननार."

"व्हय," मी म्हणालो. "मी बी म्हननार."

बनुबाईने कमरेचा दोर सोडला. गाठ बसली होती, तिला सुटेना. पुंजाराम उठला आणि त्याने सोडून दिली.

* * *

त्याच दिवशी कारभारी अण्णा म्हणाला, "बुजवा." दगड कुठून आणायचे हे आम्ही बघत होतो, तर तो गाळातून चालत एका जोत्यापाशी गेला. ते त्याचं जुनं घर. "हे घ्या," म्हणाला. "घडीव हायत." आणि पहिला दगड त्यानेच पहारीने उचकटला. त्याची उरलेली एक बैलजोडी हाडंकाडं झाली होती, तरी त्याने ती गाडीला जुंपली. बाया डोक्यावरून मुरूम आणत होत्या. दगड पडला की पाणी काळं व्हायचं आणि बुडबुडे यायचे. भरत आणलं तसे ते कमी झाले आणि एके दिवशी थांबले. पुंजारामने ते सात खडे वर नव्या जागी मांडले.

जिथे विहीर होती तिथे आता सपाट जागा झाली होती. मी तिथे बसायचो. लोक म्हणायचे, उन्हात कशाला बसतोस? घरी तरी काय होतं? चुलीजवळ तिची चुंबळ होती, दोरीवर तिचं लुगडं होतं. आम्हाला मूल नाही, एक झालं होतं ते जगलं नाही. सुकडीची पिशवी तिने कोपऱ्यात ठेवायला लावली होती तिथेच होती.

बाकीच्या विहिरी तशाच होत्या. जुन्या सावरदऱ्यात प्रत्येक मळ्यात एक होती. मी त्यांच्या मालकांकडे गेलो. काही जण दुष्काळात गाव सोडून गेले होते, त्यांचा पत्ता कोणाला नव्हता. जे होते ते म्हणाले, पुढे परत कधी पाणी उतरलं की गाळपेरीला तीच विहीर साफ करून वापरू, बुजवायची कशाला. एकाने तर मला विचारलं, "आमची जमीन घेतलीत, आता हीर बी घेता का?" मी कोणाची जमीन घेतली नव्हती, पण त्याला तसं वाटत होतं. तलावावरच्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, तलावाच्या पोटात काय काय आहे त्याच्याशी आमचा संबंध नाही, आम्ही पाणी सोडायचं बघतो. कारभारी अण्णा माझ्याबरोबर यायचा. तो बरोबर असला की निदान बसा म्हणायचे.

वस्तीतल्या बायकांनी मात्र आपसात ठरवलं की विहिरीत कोणी उतरायचं नाही. बनुबाई त्यात पुढे होती. तिला अजून मधेच चक्कर येते.

पुढे पाऊस लागला आणि तलाव भरला. जोती गेली, खुंटं गेली, विहिरी गेल्या. मासा परत आला. मी खडीचं काम सोडलं आणि जाळं काढलं. काठावर उभं राहून आता मीच पाण्याकडे बघतो. बुडबुडा आला की लगेच जाळं टाकायची खूण करत नाही, तो जागा बदलतो का ते बघत थांबतो. तोवर मासा निघून जातो. पुंजाराम चिडतो, पण जाळं खांद्यावर घेऊन थांबतो.

भोयांच्या वस्त्या खाली सीना नदीच्या काठाने आणि पुढे भीमेपर्यंत आहेत. दुष्काळ पडला की ती माणसं जिथे पाणी असेल तिथे जातात. पुढच्या वेळी आमच्याही तलावावर येतील. त्यांनाही बुडबुडे आमच्यासारखेच शिकवलेले आहेत. जवळच्या दोन वस्त्यांवर मी जाऊन सांगून आलो. पलीकडे अजून गेलो नाही.

थोरली विहीर बुजली आहे. बाकीच्या पाण्याखाली उघड्या आहेत, आणि त्या बुजवायच्या राहिल्या आहेत.